जर्मनीचा पारंपरिक वेश म्हणून नेमका कोणत्या भागाचा पोशाख घ्यावा?

शहादेकर:
नमस्कार. आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात यंदा देशोदेशीच्या लोकवेशांचा कार्यक्रम ठरला असून, जर्मनीचा वेश तयार करण्याचे काम माझ्या वर्गातील मुलींकडे आले आहे. पोशाख भाड्याने देणाऱ्या दुकानदाराने फुगीर बाह्यांचा पांढरा ब्लाउज, त्यावर घट्ट चोळी, घेरदार झगा आणि पुढे बांधायचा एप्रन दाखवला आणि हाच जर्मन पोशाख असे सांगितले. चित्रे शोधली तेव्हा मात्र कुठे मोठ्या लाल गोंड्यांची टोपी दिसली, कुठे डोक्यावर इवलीशी लाल टोपी, तर कुठे छातीवर चांदीच्या साखळ्या. धडगावकडची पावरा स्त्री भोंगऱ्या बाजाराला चांदीने मढून येते. तिला वगळून नऊवारी आणि नथ एवढाच महाराष्ट्राचा वेश असे परदेशात कोणी दाखवले, तर आपल्याला ते पटणार नाही. जर्मनीच्या बाबतीतही असेच काही आहे का, आणि आम्ही कोणता वेश निवडावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

भुसावळकर:
ताई, आपली शंका योग्य आहे. दुकानदाराने दाखवलेला पोशाख म्हणजे डिर्न्डल. तो आल्प्सच्या पायथ्याचा, म्हणजे दक्षिण बव्हेरियाचा आणि शेजारच्या ऑस्ट्रियाचा आहे. उत्तर जर्मनीतील शेतकऱ्याच्या घरात तो कधी नव्हता. पुरुषांच्या चामडी अर्ध्या चड्डीचेही, म्हणजे लेडरहोझनचेही, तेच.

जर्मनी एक राष्ट्र झाले ते १८७१ मध्ये. त्याआधी अनेक शतके तेथे लहानमोठी शेकडो राज्ये होती, आणि १५५५ च्या आउग्सबुर्ग तहानंतर प्रजेचा पंथ कॅथलिक असावा की लूथरचा, म्हणजे प्रोटेस्टंट, हे त्या त्या राज्यकर्त्याच्या पंथावरून ठरू लागले. त्यामुळे शेजारशेजारची दोन गावे निरनिराळ्या पंथांची असणे ही सामान्य गोष्ट होती आणि तो फरक कपड्यांतही उतरला. मध्य जर्मनीतील हेसेनमधल्या मारबुर्गच्या परिसरात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट गावांचे वेश वेगळे होते. तेथून जवळच्या श्वाल्म भागात प्रोटेस्टंट स्त्रिया गुडघ्यापर्यंतचे अनेक झगे एकावर एक घालत, आणि झग्यांची संख्या घरची सुबत्ता सांगत असे. आपण पाहिलेली इवलीशी लाल टोपी बहुधा तेथलीच असावी. लाल रंग अविवाहित मुलीचा, हिरवा तरुण विवाहितेचा, पुढे जांभळा आणि वृद्धपणी किंवा वैधव्यात काळा, असा तेथे क्रम होता, त्यामुळे स्त्रीचे वय आणि तिची स्थिती पाहणाऱ्याला दुरूनच कळत असे.

लाल गोंड्यांची टोपी म्हणजे बोलनहूट. ती आज साऱ्या श्वार्त्सवाल्डची, म्हणजे नैर्ऋत्येकडील काळ्या अरण्याच्या प्रदेशाची, खूण मानली जाते. प्रत्यक्षात मात्र गुटाख, किर्नबाख आणि हॉर्नबर्गजवळचे राइखनबाख या तीन प्रोटेस्टंट गावांपुरतीच ती होती.

छातीवरच्या चांदीच्या साखळ्या उत्तर समुद्रातील फ्योर बेटावरच्या असाव्यात. तेथील पुरुष डच जहाजांवर देवमाशांच्या शिकारीला जात, आणि त्या कमाईतून घरात आलेली चांदी नाजूक तारकामाच्या बटणांच्या व साखळ्यांच्या रूपाने गडद वेशावर मिरवू लागली.

पांझराकाठ:
वरील उत्तरात एक भर घालावीशी वाटते. पूर्वेकडे, ब्रांडेनबुर्ग आणि सॅक्सनी राज्यांतील लाउझित्स प्रदेशात, सोर्ब हा स्लाव भाषा बोलणारा समाज राहतो. त्यांच्या पोशाखाचेही अनेक पोटप्रकार आहेत. श्प्रेवाल्डमधील स्त्रियांचा भरतकामाचा भलामोठा रुमाल डोक्यावर दोन्ही बाजूंना पंखांसारखा पसरतो. सोर्ब स्त्रियांमध्ये पूर्वी शोकाचा रंग पांढरा असे, हे वाचून आपल्याकडील वाचकाला जवळीक वाटेल.

मात्र हे सारे वेश अनादी काळापासून जसेच्या तसे चालत आले, असे मुलींना सांगू नये. त्यांचे आज दिसणारे झगमगीत रूप प्रामुख्याने अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील आहे. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला आणि रंगीत फिती, कापड बाजारात मिळू लागले, तसे ते घडले. शहरात जाणाऱ्यांनी हे कपडे टाकायला सुरुवात केल्यावर ते जपण्याची चळवळ उभी राहिली. बव्हेरियातील बायरिशत्सेल येथे १८८३ मध्ये योझेफ फोग्ल या शिक्षकाने त्यासाठी पहिले मंडळ स्थापन केले. डिर्न्डलला शहरी फॅशनचा दर्जा देण्यात म्युनिकमधील वालाख या ज्यू बंधूंचा मोठा वाटा होता. नाझी राजवटीत त्यांचा व्यवसाय हिरावला गेला. ज्या वेशाला पुढे ‘अस्सल जर्मन’ म्हणून मिरवले गेले, तो लोकप्रिय करणाऱ्यांच्या वाट्याला हे आले, हा इतिहास कार्यक्रमाच्या निवेदनात अवश्य यावा, असे माझे ठाम मत आहे.

शहादेकर:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. मुलींनी गुटाखची टोपी निवडली आहे. ती येथे तयार करता येईल का? आणि गोंडे लाल ठेवावेत की काळे?

भुसावळकर:
लाल ठेवावेत, अविवाहित मुलींचे गोंडे लाल आणि विवाहितांचे काळे असतात. मूळ टोपी गवताच्या वेणीची असून ती जिप्समचा लेप देऊन पांढरी व कडक करतात. तिच्यावर लोकरीचे एकूण १४ गोंडे बसवलेले असतात, पण काही वरच्या गोंड्यांखाली झाकले जात असल्याने ११ च दिसतात. अशा टोपीचे वजन दोन किलोपर्यंत जाते, म्हणून रंगमंचासाठी पुठ्ठ्याचा सांगाडा आणि विणकामाची लोकर वापरणे सोयीचे ठरेल. टोपीखाली हनुवटीशी बांधलेली काळी पातळ कुंची असते, ती विसरू नये. आणि निवेदनात ‘जर्मनीचा वेश’ असे न म्हणता ‘गुटाख परिसरातील अविवाहित मुलीचा वेश’ असे म्हणावे.