वावरातील पांढरीत सापडलेले काळे दाणे: त्यांवरून जुनी शेती आणि जुने पाऊसमान खरेच कळते का?

रिठाकाठचा (प्रश्न)

आमचे गाव नागपूर जिल्ह्यात, उमरेडच्या बाजूला आहे. आमच्या वावराच्या कडेला एक रीठ, म्हणजे उजाड झालेल्या जुन्या गावाची जागा, आहे. महसुली कागदांत त्याची नोंद असली, तरी तेथे वस्ती होती हे गावातील कोणाच्याही आजोबा-पणजोबांनी पाहिलेले नाही. यंदा शेततळ्यासाठी खोदकाम काढले, तेव्हा साधारण पाच फुटांखाली राखेचा करडा पट्टा लागला आणि त्यात काळ्या-तांबड्या खापरांबरोबर मुगाएवढे काही काळे दाणे मिळाले, जे बोटात दाबले की कोळशासारखे चुरतात. खोदकाम मी थांबवले आहे.

माझा मुलगा म्हणतो, की अशा दाण्यांवरून त्या काळी कोणते पीक होते एवढेच नव्हे, तर पाऊस किती पडत असे हेही शास्त्रज्ञ सांगतात. यातील दुसरा भाग मला पटत नाही. मी स्वतः पऱ्हाटी कमी करून सोयाबीन वाढवले, ते पाऊस बदलला म्हणून नव्हे, तर बोंडअळीला आणि वेचणीच्या मजुरीला कंटाळून. उद्या हजार वर्षांनी कोणी माझ्या वावरातील दाणे पाहून हवामानाचा निष्कर्ष काढला, तर तो चुकणार नाही का?

उपणणी

भाऊ, विद्यार्थी असताना मी दोन उत्खननांत माती धुण्याचे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. आपण काम थांबवलेत हे फार चांगले केलेत. पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती खत म्हणून गाडीगाडीने शेतात टाकण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि तिच्यामुळे किती वस्त्यांचा इतिहास काळीत मिसळून गेला असेल, याची मोजदाद नाही.

आपले दाणे टिकले ते जळाल्यामुळे. कच्चा दाणा जमिनीत कुजतो किंवा किडे खातात. पूर्ण पेटला तर त्याची राख होते. राखेखाली दबून, हवा न मिळता तो भाजला गेला, तरच त्याचा कोळसा होतो आणि आकार बराचसा शाबूत राहतो. म्हणूनच चुलीजवळ हाताळले जाणारे धान्य जास्त सापडते आणि जवस किंवा तीळ यांसारखे तेलबी, जे उष्णतेने फुटून विद्रूप होते, ते कमी सापडते. एखादे पीक मिळाले नाही, म्हणजे ते पेरतच नव्हते, असे यामुळेच म्हणता येत नाही.

दाणे वेगळे काढण्याची रीत साधी आहे. थराची माती पाण्यात सोडून ढवळली, की हलका कोळसा वर तरंगतो. तो बारीक जाळीवर गाळून सावलीत वाळवतात, कारण उन्हात तो तडकतो. मात्र अभ्यासकाचा जीव दाण्यापेक्षा केरकचऱ्यात अधिक असतो. धानाच्या दाण्याचा देठाशी जोडलेला बुंधा पाहिला, तर तो आपोआप गळून पडणाऱ्या रानटी जातीचा की झोडपून मोकळा करावा लागणाऱ्या लागवडीच्या जातीचा, हे ओळखता येते. तूस आणि कुटार भरपूर मिळाले, तर मळणी-उपणणी वस्तीजवळच होत होती, असा तर्क करता येतो. लव्हाळ्याचे बी ओलसर बांधीकडे बोट दाखवते, तर चाकवताच्या कुळातील तण बहुधा रब्बीच्या रानाकडे. दाणा घरात आणून ठेवलेला असतो, पण तण कोणी मुद्दाम आणत नाही; त्यामुळे शेताची खरी अवस्था तेच सांगते. अर्थात येथेही फसगत आहे, कारण तणाचे बी गाईच्या पोटातून गोवरीत आणि गोवरीतून चुलीत येऊ शकते, आणि मग आपण ज्याला शेत समजतो ते प्रत्यक्षात कुरण असते.

पेंचकाठ

आपल्या भागात हे काम झालेले आहे. पारशिवनी तालुक्यातील नायकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात उत्खनन झाले. ते ठिकाण लोखंड गाळण्याच्या भट्टीमुळे गाजले, पण तेथे धान्यही मिळाले. नायकुंड आणि भागीमोहरी या महापाषाणयुगीन, म्हणजे शिलावर्तुळे रचणाऱ्या लोकांच्या वस्त्यांतून तांदूळ, गहू, सातू, मसूर, वाटाणा अशी पिके ओळखली गेली आहेत. म्हणजे अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वी नागपूरच्या परिसरात खरीप आणि रब्बी असे दोन्ही हंगाम घेतले जात होते. अमरावती जिल्ह्यातील तुळजापूर गढी या त्याहून जुन्या, ताम्रपाषाणयुगीन वस्तीत तुरीचीही नोंद आहे. धान होते म्हणजे पाऊस चांगला होता, असे मला यावरून वाटते.

सूक्ष्मदर्शी

पेंचकाठ यांनी दिलेली पिकांची माहिती बरोबर आहे, पण शेवटचे वाक्य मला मान्य नाही आणि मूळ प्रश्नकर्त्याची शंका नेमकी तेथेच लागू पडते. धान बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्यावर होते, नदीकाठच्या खोलगट जागेत होते, आणि घोटभर पाण्यासाठी भांडत का होईना, माणूस ते कमी पावसातही लावतो. पीक हा माणसाचा निर्णय असतो. त्यावरून थेट पाऊस मोजणे म्हणजे ताटातील पोळीवरून गावची विहीर किती खोल आहे हे सांगण्यासारखे आहे.

पावसाची साक्ष माणसाचा हात न लागलेल्या ठिकाणी शोधावी लागते. सुदैवाने असे ठिकाण विदर्भातच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या तळातून सुमारे १० मीटर गाळाचा स्तंभ काढून अभ्यासण्यात आला. पाणी आटून खारे झाले, की गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक तयार होतात. ते कोणत्या थरांत आहेत, हे पाहून आणि गाळातील इतर रासायनिक खुणांशी ताडून दोन दीर्घ अवर्षणकाळ मांडले गेले आहेत: एक सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. आपल्या काळ्या मातीत परागकण फारसे टिकत नाहीत, म्हणून तळ्याच्या गाळाचे मोल अधिक आहे.

आता हे वस्त्यांशेजारी ठेवून पाहा. नायकुंडचा काळ या दोन अवर्षणांच्या मधल्या, तुलनेने बऱ्या दिवसांत येतो. परंतु वाकाटकांचे राज्य, म्हणजे तिसऱ्या ते पाचव्या शतकातील विदर्भाचे वैभव, दुसऱ्या अवर्षणकाळात पडते. पाऊस कमी झाला की वस्ती उजाड होते, हे सूत्र येथे चालत नाही. उलट पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे, इसवी सनपूर्व १००० च्या सुमारास चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि लोक शिकारीकडे वळले, याचे कारण पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी कोरडे पडत गेलेले हवामान असे दिले होते. दोन्ही उदाहरणे डोळ्यांसमोर ठेवावीत, असे माझे मत आहे.

दाण्यातूनही पाण्याविषयी थोडे कळते, हे मात्र मुलाला अवश्य सांगा. गहू किंवा सातू यांना पाण्याचा ताण पडला, की पानांवरील रंध्रे मिटतात आणि दाण्यात जड कार्बनचे प्रमाण किंचित वाढते. ही खूण जळाल्यावरही बऱ्याच अंशी उरते. पण ते पाणी पावसाचे होते की पाटाचे, हे दाणा सांगत नाही.

रिठाकाठचा

सर्वांचे आभार. आपली शंका अगदीच अडाणी नव्हती, हे वाचून बरे वाटले. आणखी एक गोष्ट विचारतो. हे दाणे आज-उद्याचे नाहीत, हे कसे ठरवायचे? आमच्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि उंदरांची बिळे तर सर्वत्र आहेत. शिवाय आईने दाणे पाहिले आणि एक बाजूला काढून म्हणाली, की हा मूग नव्हे, याला कोन आहेत, हा लाखोळीसारखा, म्हणजे लाख डाळीच्या दाण्यासारखा, दिसतो.

उपणणी

आईंची नजर चांगली आहे. लाखोळीचा दाणा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा एका बाजूला निमुळता असतो आणि मसूर दोन्हींकडून फुगीर व चपटी असते. पण जळताना दाणा आक्रसतो, म्हणून पक्की ओळख सूक्ष्मदर्शकाखाली, दाण्याचा डोळा, म्हणजे तो शेंगेला जोडलेला असतो तेथील खूण, पाहूनच होते. भेगांबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. न जळलेले बी अशा थरात मिळाले, तर ते आधी संशयास्पद धरतात, आणि जळालेल्या दाण्याचेही वय आसपासच्या कोळशावरून न ठरवता त्याच दाण्यातील कार्बन-१४ मोजून ठरवतात. हल्ली त्यासाठी काही मिलिग्रॅम पुरतात.

आपण आता एवढेच करा. पट्ट्यातील आणखी दाणे काढू नका. काढलेले कागदाच्या पुडीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको, कारण ओल धरून बुरशी येते. पुडीवर खोली आणि तारीख लिहा. तहसील कार्यालयात लेखी कळवा आणि नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाला छायाचित्रे दाखवा. छायाचित्रात मापासाठी पट्टी नसेल, तर विळा ठेवला तरी चालेल, फक्त त्याची लांबी लिहा. मृगाच्या आधी त्या बाजूवर पोते टाकून मातीने झाका, नाहीतर पहिल्याच सरीत कड ढासळेल.

रिठाकाठचा

पोते आजच टाकले. शेततळे विहिरीकडच्या बाजूला सरकवतो आहे.