तारागोना एका दिवसात होईल का? (तातडीने मदत हवी आहे)

द्राक्षवेल
नमस्कार मंडळी. पटकन विचारतो. स्पेनमधल्या तारागोनाला जायचंय, रोमन अवशेष बघायला. तिकीट काढून झालंय, पैसे परत मिळणार नाहीत. अँफिथिएटर, सर्कस (म्हणजे रथशर्यतींचं मैदान), तटबंदी आणि जलसेतू एवढं एका दिवसात होतं का? सुरुवात कुठून करू? कृपया 'गूगल करा' म्हणू नका, दोन दिवस तेच करतोय. ज्यांनी स्वतः पाहिलंय त्यांनीच सांगा.

मेधा_क
कधी? कुठून? कोण कोण? आणि तिकीट कशाचं, विमानाचं, रेल्वेचं की अवशेषांचं?

नाना_गिरगाव
शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) व्हिसाच्या अपॉइंटमेंटला हल्ली फार थांबावं लागतं, आधी ते बघा. प्रवासविमा किमान ३० हजार युरोचा लागतो. आमच्या एका शेजाऱ्यांनी कमीचा काढला आणि पुन्हा रांगेत उभे राहिले.

द्राक्षवेल
नाना, व्हिसा झाला. मी बार्सिलोनात हॉटेलवर बसून लिहितोय. तिकीट रेल्वेचं, वेगवान गाडीचं. ३५ मिनिटांत तारागोना. आता कुणी मूळ प्रश्नाचं उत्तर देईल का?

भटकभवानी
३५ मिनिटं म्हटल्यावर शंका आली. तिकिटावर स्टेशनचं नाव नीट वाचा. 'कॅम्प दे तारागोना' आहे का?

द्राक्षवेल
हो, तेच. का?

भटकभवानी
अरे देवा. ते गावात नाहीये. गावापासून दहा-बारा किलोमीटरवर, चहूकडे शेतं आणि मधे स्टेशन. तिथून बस किंवा टॅक्सी करून गावात यावं लागतं. गावातलं स्टेशन नुसतं 'तारागोना', अगदी समुद्राला चिकटून. तिथे सांत्सहून, म्हणजे बार्सिलोनाच्या मुख्य स्टेशनवरून, साध्या प्रादेशिक गाड्या जातात. तास-सव्वा तास लागतो, पण उतरलात की थोडा चढ चढून अँफिथिएटर.

द्राक्षवेल
नावात कॅम्प आहे म्हणून पुण्यातल्यासारखं भर गावात असेल असं वाटलं. :( असो, बसने जाऊ. पण एका दिवसात होतं का??

अजून_एक_पुणेकर
पुण्याला यात कशाला ओढता?

बाकी खरं सांगू का, तारागोनाला एवढं जाण्यासारखं काही नाही. रोमन बघायचंय तर रोम बघावं, ते नाही तर क्रोएशियातलं पुला. तिथल्या अरीनाची बाहेरची भिंत पूर्ण वर्तुळात उभी आहे. तारागोनाच्या अँफिथिएटरचा निम्मा भाग पडलेला आहे.

रानवारा
@पुणेकर, माणूस बार्सिलोनात बसलाय आणि तुम्ही त्याला क्रोएशियात पाठवताय.

'काही नाही' म्हणणाऱ्यांसाठी: हे रोमन काळातलं तार्राको, रोमन हिस्पानियाच्या (आजचा स्पेन-पोर्तुगाल) सर्वांत मोठ्या प्रांताची राजधानी. इ.स.पू. २१८ मध्ये कार्थेजशी लढताना ग्नेयस स्किपिओ या रोमन सेनापतीने इथे लष्करी तळ टाकला. पुढे खुद्द सम्राट ऑगस्टस इ.स.पू. २६-२५ मध्ये इथे मुक्कामाला होता, म्हणजे तेवढा काळ साम्राज्याचा कारभार इथून चालला. २००० साली जागतिक वारसा यादीत आलं. आणि येशूला क्रुसावर चढवण्याचा हुकूम देणारा पॉन्तियस पायलट इथलाच, त्याच्या नावाचा बुरूज अजून उभा आहे.

मेधा_क
पायलटची दंतकथा आहे हो, पुरावा नाही. बुरूज खरा, पण तो प्रांतिक फोरमच्या, म्हणजे रोमन सरकारी चौकाच्या, कोपऱ्यातला. मध्ययुगात राजवाडा आणि नंतर तुरुंग म्हणूनही वापरला गेला.

द्राक्षवेल, माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. कोणत्या वारी जाताय?

द्राक्षवेल
येत्या सोमवारी. त्याने काय फरक पडतो?

मेधा_क
सोमवारी तिकीटवाली ठिकाणं बंद असतात. अँफिथिएटर, सर्कस, तो बुरूज, तटबंदीच्या कडेची फिरण्याची वाट, सगळंच.

द्राक्षवेल
काय सांगता. मंगळवारी संध्याकाळी आमचं परतीचं विमान आहे.

भटकभवानी
मग रविवारी जा आणि सोमवारच्या तिकिटावर पाणी सोडा. फक्त रविवारी ही ठिकाणं दुपारपर्यंतच उघडी असतात, त्यामुळे सकाळची लवकरची गाडी पकडा. जाताना डावीकडच्या खिडकीत बसा, समुद्र त्या बाजूला आहे.

रानवारा
माझं मत उलट. सोमवारीच जा. अँफिथिएटर वरच्या रस्त्यावरच्या कठड्यावरून पूर्ण दिसतं, मागे निळा समुद्र. फोटो तिथूनच चांगला येतो. तटबंदी बाहेरून चालत बघता येते, खालचे दगड बैलगाडीएवढे आहेत. आणि सर्कस तर गावाच्या पोटातच आहे. प्लासा दे ला फोंत म्हणून लांबट चौक आहे, कॅफेच्या खुर्च्या मांडलेल्या. जिथे बसून तुम्ही कॉफी प्याल तिथे रथ धावत होते. त्याला तिकीट नाही आणि सोमवारही नाही.

भटकभवानी
कठड्यावरून बघायचं तर घरी बसून फोटोच बघावेत. आत रिंगणात उतरल्याशिवाय कळत नाही. मधोमध एका चर्चच्या पायाच्या भिंती आहेत. इ.स. २५९ मध्ये फ्रुक्तुओसुस नावाच्या बिशपला आणि त्याच्या दोन डीकनांना (मदतनीस धर्मगुरूंना) याच रिंगणात जिवंत जाळलं. त्या आठवणीत आधी व्हिसिगॉथ काळात (रोमनांनंतरची राजवट) बॅसिलिका म्हणजे मोठं चर्च बांधलं आणि पुढे त्याच्यावरच बाराव्या शतकात दुसरं चर्च. हे वरून दिसेल, पण पायाखाली येणार नाही.

रानवारा
ज्याला गुडघे आहेत त्याच्या पायाखाली येईल. त्या पायऱ्या काही गंमत नाही.

द्राक्षवेल
गुडघ्यांवरून आठवलं. बरोबर आई आहे, वय ६८, डाव्या गुडघ्याचा त्रास. चढ जमतो, उतार नाही.

मेधा_क
हे आत्ता सांगताय!

खवय्या_सोलापूर
आई शाकाहारी आहेत का? मग जेवणाचं ऐका. पांब तुमाकेत मागवा, म्हणजे पावावर टोमॅटो चोळून वर ऑलिव्ह तेल आणि मीठ. एस्कालिवादा म्हणजे भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची, भरताची चुलत बहीणच. आणि रोमेस्को सोडू नका. वाळलेली न्योरा मिरची, भाजलेला टोमॅटो, लसूण, बदाम, हेझलनट वाटून करतात. तिखट नसते. मी हॉटेलवर शेंगदाणा चटणी मिसळून खाल्ली, एकदम फर्स्टक्लास.

अजून_एक_पुणेकर
रोमेस्कोत शेंगदाणा चटणी. धन्य आहे.

कोल्हापूरकर_तात्या
रोमन बघायला इतक्या लांब जायची गरज काय? आमच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती आहे, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली. वीतभर मूर्ती, पण बघत राहावी अशी. तेव्हा रोमन माल कोल्हापुरापर्यंत येत होता.

रानवारा
तात्या, शंभर टक्के. आणि पैसा तिकडून इकडे येत होता. भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून घेतो, अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकाने करून ठेवली आहे. आपलं तेर, म्हणजे जुनं तगर, ग्रीक लेखनातसुद्धा येतं. तेरवर वेगळा धागा काढूया का?

मेधा_क
काढा, पण वेगळा. द्राक्षवेल, आईंसाठी क्रम असा ठेवा: स्टेशनपासून टॅक्सीने थेट वर कॅथेड्रलपाशी, मग सर्कस, मग अँफिथिएटर. जुनं गाव टेकडीच्या टप्प्यांवर आहे.

भटकभवानी
थांबा, त्यांना चढ जमतो, उतार नाही. म्हणजे क्रम उलटा हवा! खालून वर. अँफिथिएटर आधी, मग सर्कस, मग वरचं गाव, आणि तिथूनच टॅक्सी करून जलसेतूवर. तो गावाबाहेर चारेक किलोमीटर आहे. तिथे दार-तिकीट काही नाही, दुपारी ठिकाणं बंद झाल्यावर जायला उत्तम.

मेधा_क
बरोबर. माझं चुकलं.

सई_ठाणे
एक अवांतर. रांब्ला नोवा या मोठ्या रस्त्यावर मानवी मनोऱ्याचं शिल्प आहे, ते आईंना दाखवा. तिकडे त्याला कास्तेल म्हणतात. तिकडची पथकं आपल्या दहीहंडीला येऊन गेली आहेत. वर चढणाऱ्या पोरांना तिकडे हेल्मेट असतं, हेही सांगून ठेवते.

द्राक्षवेल
(चार दिवसांनी)
जाऊन आलो, रविवारीच. सोमवारच्या तिकिटाचे पैसे पाण्यात गेले, निदान जलसेतूच्या तरी जावेत. साधी गाडी, डावीकडची खिडकी. सिटजेसच्या आसपास समुद्र रुळाच्या इतका जवळ येतो की आईने पाय वर घेतले.

अँफिथिएटरला आम्ही पहिले. आई चर्चच्या त्या भिंतींवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "जिथे माणसं जाळली तिथेच देऊळ बांधलं, ते बरं केलं." उतरताना वीस मिनिटं लागली, एकेक पायरी आडवी होऊन. सर्कसचे बोगदे थंडगार होते, तिथे तिला बरं वाटलं. मग समुद्रावरच्या बाल्कनीत गेलो. तिथला लोखंडी कठडा शुभ म्हणून लोक हात लावून जातात. आईने लावला, मग पर्समधून सॅनिटायझर काढला.

खरी मजा जलसेतूवर. पाइनच्या झाडीतून वाट आहे. दोन मजली कमानी, वर २५, खाली ११, उंची २७ मीटर. वरून पाण्याची जी पन्हळ जायची तिच्यातूनच चालत जाता येतं. मी गेलो, आई खाली थांबली. परत आलो तर ती एका खांबापाशी वाकून दोन दगडांच्या फटीत नख घालून बघत होती. "अरे, यात चुनाच नाहीये. आपल्या सिन्नरच्या गोंदेश्वरासारखं नुसतं दगडावर दगड." खरंच नाही. नख आत जात नव्हतं. टॅक्सीवाला हॉर्न देत होता तरी ती तीन खांब तपासूनच निघाली.

सगळ्यांचे आभार. भटकभवानी, ते स्टेशनचं नाव विचारलंत म्हणून वाचलो.

अजून_एक_पुणेकर
गोंदेश्वराला लोक हेमाडपंती म्हणतात, पण ते हेमाडपंतांच्या आधीचं आहे. आईंना सांगा.

द्राक्षवेल
सांगितलं. ती म्हणाली, "मी हेमाडपंताचं नाव कुठे घेतलं?"

नाना_गिरगाव
छान. जुना पासपोर्ट फेकू नका, त्यावरचा शेंगेनचा व्हिसा पुढच्या वेळी उपयोगी पडतो.