ऑलिव्हला फुलं भरपूर येतात पण फळ धरतच नाही

फ्रेस्नोकर:
नमस्कार मंडळी, आम्ही कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला असतो, मागच्या अंगणात मँझानिलो जातीचं ऑलिव्हचं एकच झाड आहे, नऊ वर्षांचं. मे महिना लागला की बारीक पांढऱ्या फुलांनी नुसतं लगडतं, आई म्हणते अगदी हापूसच्या मोहोरासारखं, आणि मग जूनपर्यंत सगळा सडा खाली. जी थोडी राहतात ती घोसाने, वाटाण्याएवढी, वाढतच नाहीत आणि लवकर काळी पडतात. पाणी देतो, लॉनचं खतही मिळतं. आईला मिठाच्या पाण्यात मुरवायला एक बरणीभर तरी ऑलिव्ह हवेत हो, काय चुकतंय?

माळीकाका:
गळ बघून घाबरू नका, ऑलिव्हमध्ये शंभर फुलांमागे एक-दोन फळं टिकली तरी झाड भरतं. मला ती वाटाण्याएवढी फळं खटकतायत. एक चिरून बघा, आत कोय आहे का?

फ्रेस्नोकर:
आत्ताच चार-पाच कापली काका. कोय नाहीच, नुसता गर.

माळीकाका:
मग परागीकरणच होत नाहीये. ऑलिव्हचं काम मधमाश्यांवर नाही, वाऱ्यावर चालतं, आणि मँझानिलो थंड हवेत स्वतःच्या परागावर थोडंफार धरतं पण फुलोऱ्यात ऊन तापलं की तो पराग आत पोचायच्या आधीच फूल संपतं, फ्रेस्नोत तर मेमध्ये उन्हाचा तडाखा असतोच. जवळ सेव्हिलानो किंवा अस्कोलानो अशा दुसऱ्या जातीच्या ऑलिव्हचं एक झाड लावा, वारा जिकडून येतो त्या बाजूला. ते फुलायला लागेपर्यंत कोणाकडे असेल तर फुललेल्या फांद्या आणून पाण्याच्या बादलीत झाडाखाली ठेवा आणि सकाळी हलवा, पिवळी धूळ उडताना दिसेल.

बागवेडी:
काकांचं बरोबर आहे पण दादा पुढच्या मेमध्ये भिंग घेऊन फुलं पण बघा. चार पाकळ्या, दोन पिवळे पुंकेसर आणि मधे हिरवा टिपका असेल तर ते फूल फळ धरू शकतं, टिपका नसेल तर ते नुसतं नर फूल, आंब्याच्या मोहोरात असतं तसंच. नर फुलंच जास्त असतील तर फुलण्याआधीचा महिना-दीड महिना झाडाला पाण्याचा ताण पडला का ते आठवा, आपण पाणी उन्हाळ्यात आठवणीनं देतो आणि मार्च-एप्रिलमध्ये विसरतो. बोरॉन, म्हणजे झाडाला अगदी थोडं लागणारं पोषक द्रव्य, ते पण बघा, फवारणी अंदाजाने अजिबात करू नका, जुलैमध्ये पानं लॅबला द्या, १४ पीपीएमच्या (दहा लाख भागांत १४ भाग) खाली आलं तर कमतरता समजायची, जास्त झालं तरी झाडाला विषारीच. आणि छाटणी कोण करतं?

फ्रेस्नोकर:
लॉनवाला येतो तोच हिवाळ्यात चौफेर कापून गोल करतो.

बागवेडी:
अहो तिथेच निम्मं पीक जातं! फळ गेल्या वर्षीच्या काडीवर येतं आणि तीच काडी तो कापतोय. आतून विरळ करा, बाहेरच्या लोंबत्या काड्या ठेवा. ज्या वर्षी खूप लागेल तेव्हा हिरवी असतानाच लवकर तोडा, नाहीतर पुढचं वर्ष रिकामं जातं.

फ्रेस्नोकर:
दोघांचे मनापासून आभार. लॉनवाल्याला आजच मेसेज टाकलाय की ऑलिव्हला हात लावू नको. अस्कोलानोसाठी कुंपणाजवळची पश्चिमेची जागा मोकळी आहे, वारा बहुतेक तिकडूनच येतो, शनिवारी आईला घेऊनच नर्सरीत जातो.