पॉलिमर वाढवलं तर द्रावण पातळ कसं होतं? (केव्हलार)

सूतगिरणी_२
पीपीटीए, म्हणजे केव्हलार या अतिशय मजबूत धाग्याचं पॉलिमर, सल्फ्युरिक ॲसिडमध्ये विरघळवताना १०-१२ टक्क्यांपर्यंत व्हिस्कॉसिटी (द्रावणाचा दाटपणा) चढते, मग धाडकन उतरते आणि २० टक्क्यांपुढे पुन्हा चढते. हे असं का? आणि सूत काढायला २० टक्क्यांच्याच आसपास का राहतात?

ताठकणा
काडेपेटीत काड्या कशाही कोंबल्या तर थोड्याच मावतात. एका दिशेनं लावल्या की बऱ्याच बसतात. पीपीटीएचे रेणू असेच ताठ. गर्दी वाढली की ते आपोआप एका दिशेला लागतात, एकमेकांवरून सरकतात आणि व्हिस्कॉसिटी पडते. रांगेत लागलेल्या रेणूंच्या अशा द्रावणालाच द्रवस्फटिक म्हणतात. २० टक्क्यांच्या आसपास पॉलिमर भरपूर आणि द्रावण तरीही पातळ, म्हणून सूत तिथेच काढतात. पॉलिमरचे शास्त्रज्ञ फ्लोरी यांनी १९५६ मध्येच हिशेब मांडला होता: रेणूची लांबी भागिले जाडी = क्ष, तर द्रावणाच्या आकारमानात रेणूंचा वाटा (८/क्ष)(१ − २/क्ष) झाला की ते रांगेत लागू लागतात. क्ष १०० धरा, ७.८ टक्के येतात. खरी साखळी थोडी वाकते, म्हणून प्रत्यक्षातला आकडा वर सरकतो.

घाट_माथा
२० टक्क्यांचं द्रावण खोलीच्या तापमानाला घट्ट गोळा असतं, म्हणून ८० अंशांवर ठेवावं लागतं. ९० च्या वर फार वेळ ठेवलं तर साखळ्या तुटतात. ॲसिड १०० टक्क्यांच्या जवळचंच हवं. ते हवेतलं पाणी ओढतं. बाटली उघडी राहिली की पॉलिमर नीट विरघळत नाही.

द्रावण बारीक भोकांच्या जाळीतून दाबून सूत काढतात. ते थेट थंड पाण्यात सोडलं तर द्रावण भोकांतच गोठतं. म्हणून केव्हलार काढणाऱ्या डुपाँट कंपनीच्या हर्बर्ट ब्लेड्स यांनी जाळी आणि पाणी यांच्यामध्ये हवेची छोटी फट ठेवली. धागा त्या फटीत ताणला जातो, रेणू आणखी सरळ होतात. ताकदीचा मोठा वाटा तिथलाच.

ताठकणा
केव्हलारचा शोध पीपीटीएच्या द्रावणातूनच लागला असं सांगतात, त्याला एक दुरुस्ती जाता जाता: १९६५ साली डुपाँटच्या रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांच्या हाती आलेलं ते गढूळ, पातळ द्रावण पीपीटीएचं नव्हतं, पॉलिबेंझअमाइड या दुसऱ्या ताठ पॉलिमरचं होतं. गढूळपणा कणांमुळे असेल, भोकं बुजतील, या भीतीनं सूत काढणारा आधी तयारच नव्हता.

सूतगिरणी_२
काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरायझरमध्ये (प्रकाश एकाच दिशेनं गाळणाऱ्या काचांमध्ये) द्रावण ढवळताना उजेड दिसला आणि थांबल्यावर काळं पडलं, तर द्रवस्फटिक म्हणायचं का?

घाट_माथा
नाही. ती नुसती प्रवाहाची चमक. ८० अंशांवर न हलवता ठेवूनही उजेड टिकला तर नेमॅटिक, म्हणजे एका दिशेला लागलेल्या रेणूंचं द्रवस्फटिक. थंड स्लाइड बघू नका, गोठलेलं द्रावणही उजळतंच.