आगबोट, पडाव आणि धक्का : आपापल्या बंदराच्या आठवणी

माहेरवाशीण, हर्णै :
माळा आवरताना वडिलांची पत्र्याची ट्रंक सापडली आणि तिच्यावर रंगाने लिहिलेले ‘हर्णै बंदर’ हे शब्द अजून वाचता आले. आगबोट लागेल असा धक्का हर्णैला नव्हता. ती खोल पाण्यात नांगर टाकी, उतारू शिडीवरून पडावात येत आणि पडाव वाळूला टेकण्याआधीच थांबला, तर खलाशी बायकामुलांना खांद्यावर घेऊन किनाऱ्यावर आणून ठेवीत. लग्नानंतर आईचे पाऊल सासरच्या वाळूला लागले ते असेच. तुमच्याकडे काय रीत होती, ते अवश्य लिहावे.

पाजपंढरीकर :
ताई, माझे आजोबा त्याच पडावांवर होते. लाट पडावाला वर उचलते त्याच क्षणी शिडी सोडायची, कारण लाट ओसरू लागली की पाऊल आणि पडाव यांत बघता बघता पुरुषभर अंतर पडते, असे ते सांगत. म्हाताऱ्या माणसाला ते दंडाला धरून स्वतः उतरवून घेत.

राजापूरकर :
राजापूरची खाडी गाळाने भरत गेली, म्हणून आमची आगबोट खाडीच्या मुखाशी मुसाकाजीला थांबे. पावसाळ्यात तीही बंद.

रेवसचा नातू :
आमच्या घरी धक्का म्हटले की ‘रामदास’च आठवते. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवसच्या कोळ्यांनी मचव्यांतून जितक्यांना काढता आले तितक्यांना काढले. आजी त्यानंतर कधीही बोटीत बसली नाही आणि आम्हीही तिला आग्रह केला नाही.

धोपावेकर :
वाचून मन भरून आले. आमच्याकडे २००३ साली दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली; त्याआधी पलीकडे दिसणाऱ्या गावी गाडीने जायला चिपळूणचा वळसा घ्यावा लागत असे, हे आता मुलांना खरे वाटत नाही.

माहेरवाशीण, हर्णै :
पाजपंढरीकर दादा, तुमचे लिहिणे आईला वाचून दाखवले. लाट तिला आठवत नाही, पण दंडाला धरलेला हात आठवतो. पडावाचे भाडे तिकिटातच धरलेले असे की निराळे द्यावे लागे, यावर मात्र तिचे आणि मामाचे एकमत होत नाही. आजोबांनी कधी सांगितले असल्यास जरूर कळवावे.