वर्डने काढलेला सारांश वाचून सभेत हात वर करायचा का?

माजी सचिव, डोंबिवली:
आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली आहे. ३६ सदनिका, इमारत १९८८ ची. विकासकाकडून करारनाम्याचा मसुदा आला. इंग्रजीत, ९२ पानं, परिशिष्टं वेगळी. कमिटीतल्या एका तरुण सभासदाने फाइल वर्डमध्ये उघडली, सारांशाचं बटण दाबलं, आलं त्याचं मराठी करून दीड पान ग्रुपवर टाकलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटेल तो म्हणतोय, "वाचलं हो, चांगलं आहे की!"

त्या दीड पानात एक ओळ होती: 'नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत विकासक भाडे देईल.' मूळ कलम उघडून बघितलं. भाडं ३६ महिने. पुढचा उशीर विकासकाच्या चुकीने झाला तरच भाडं चालू राहणार. कोर्टाची स्थगिती, पालिकेची काम थांबवण्याची नोटीस, वाळूची टंचाई (हो, वाळू लिहिली आहे) अशा कारणांनी काम रखडलं तर भाडं बंद. इमारत पाडून झाल्यावर ३७ व्या महिन्यात हे कळलं असतं तर कुणाच्या दारात जायचं?

मी ३१ वर्षं सरकारी टेबलावर टिपण्या लिहिल्या. टिपणीखाली लिहिणाऱ्याची सही असते. चुकलं तर मेमो त्याच्या नावाने निघतो. या दीड पानाखाली कुणाची सही आहे? माझं मत स्पष्ट आहे. ज्या कागदावर सही करायची, त्याचा यंत्राने काढलेला सारांश सभासदांत फिरवूच नये. ९२ पानं तीन संध्याकाळींत वाचून होतात. मी वाचली.

तिसरा मजला:
ते बटण दाबणारा मीच, म्हणून लिहितो. काका, तुम्ही वाचलीत, पण ३६ पैकी आणखी कुणी वाचली? दोन महिने झेरॉक्स कमिटीच्या कपाटात पडून होती, तेव्हा एकही प्रश्न आला नाही. दीड पान टाकल्यावर दोन दिवसांत १९ जणांनी काही ना काही विचारलं. पहिल्या मजल्यावरच्या मावशींनी "ताबा म्हणजे नेमका कधी, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आल्यावर की आधी?" असं विचारलं, म्हणून तर तुम्ही ते कलम काढून बघितलंत. सारांश चुकला हे मान्य. पण सारांश नसता तर ती चूक ९२ पानांत झोपून राहिली असती आणि आपण सगळ्यांनी तिच्यावर सह्या केल्या असत्या.

संगणक क्लासवाला:
वर्डमध्ये ही सोय काल-परवाची नाही. वर्ड ९७ मध्येच 'ऑटोसमराइझ' होतं. टूल्स मेनूत जायचं, मजकुराचे किती टक्के हवेत ते सांगायचं, साधारण २५ टक्क्यांपासून सुरुवात. मग ते महत्त्वाची वाक्यं पिवळी करून द्यायचं, किंवा वर गोषवारा लावायचं, किंवा नवी फाइल करायचं. माझ्या क्लासमधली पोरं निबंध त्यात घालून हसत बसायची.

त्यामागची युक्ती आणखी जुनी. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये ती मांडली होती: लेखात जे शब्द वारंवार येतात ते महत्त्वाचे समजायचे, असे शब्द ज्या वाक्यात दाटीने आलेत ती वाक्यं उचलायची. वर्डचं गणितही त्याच घराण्यातलं. वर्ड २०१० मध्ये ती सोय काढून टाकली, फारसं कुणी रडलं नाही.

पण जुन्या यंत्राची एक गोष्ट चांगली होती. ते मूळ वाक्य जसंच्या तसं उचलायचं. सारांश गबाळा दिसायचा, मधेच 'तथापि'ने सुरू होणारं वाक्य यायचं आणि कशाचं तथापि ते कळायचं नाही. तो गबाळेपणाच सांगायचा की बाबा, मूळ बघ. आताचं यंत्र स्वतःची वाक्यं रचतं. 'ताबा मिळेपर्यंत भाडे देईल' हे वाक्य मसुद्यात कुठेच नसणार, पैज लावतो. इतकं नीटनेटकं आहे की शंकाच येत नाही.

माजी सचिव, डोंबिवली:
पैज जिंकलात. ते वाक्य मसुद्यात नाही.

वकिलांच्या कचेरीतून:
मी पंधरा वर्षं करारनामे टाइप करतो. करारात वारंवार काय येतं? पक्षकारांची नावं, मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा, 'उपरोक्त' आणि 'सदर'. जीव असतो परंतुकात, म्हणजे 'मात्र अमुक झालं तर' अशा अपवादाच्या ओळीत, आणि परंतुक एकदाच येतं, तेही कलमाच्या शेपटीला. मोजणाऱ्या यंत्राला ते किरकोळ वाटणार, आणि रचणारं यंत्र त्याची धार बोथट करून टाकणार. आमचे वकीलसाहेब नवा मसुदा आला की आधी कंट्रोल-एफ करून 'प्रोव्हायडेड', 'अनलेस' आणि 'नॉटविथस्टँडिंग' हे तीन शब्द शोधतात. मग बाकीचं वाचतात.

अनुवादाचे हमाल:
दोन्ही भाषांत काम करते, म्हणून थोडं मराठीपुरतं. 'भाडे, भाड्याचा, भाड्याने, भाड्यापोटी' हा आपल्याला एक शब्द, पण नुसती मोजणी करणाऱ्या यंत्राला चार. सामान्यरूप समजलं नाही तर विषयच पातळ होतो. 'रु. ५०,०००' आणि 'कलम क्र. १४' मधल्या टिंबावर वाक्य संपलं असं मानणारी साधनं मी पाहिली आहेत. आणि जुन्या डीटीपीवाल्याने कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल असेल, तर यंत्राला पडद्यावरची मराठी दिसतच नाही. त्याच्या लेखी ती रोमन अक्षरांची खिचडी. ती आधी युनिकोडमध्ये आणावी लागते आणि त्या फेऱ्यात जोडाक्षरं सांडतात.

इथे मात्र दोन पायऱ्या झाल्यात: आधी इंग्रजीत सारांश, मग त्याचं मराठी. गाळलेली अट दुसऱ्या पायरीवर परत येऊ शकत नाही. उलटं केलं असतं, निदान भाड्याचं कलम तरी पूर्ण मराठीत आणून मग छोटं केलं असतं, तर बरं झालं असतं. मी स्वतः सारांशाचं बटण रोज वापरते. कोणतं काम घ्यायचं हे ठरवायला. अनुवाद करताना त्याच्याकडे बघतही नाही.

बी विंग:
सचिवकाकांचा मान राखून एक विचारते. २०११ साली लिफ्टच्या दुरुस्तीचा करार झाला, तेव्हा त्याचा 'सारांश' सभेत तुम्ही तोंडी सांगितला होता. वार्षिक वाढीचं कलम त्यात होतं का? आम्हाला ते बिल आल्यावर कळलं. माणूसही गाळतो. आणि 'मी वाचलंय, काळजी करू नका' असं म्हणणाऱ्या माणसाला प्रश्न विचारणं यंत्राला विचारण्यापेक्षा अवघड असतं, निदान सुनांना तरी.

माजी सचिव, डोंबिवली:
नव्हतं. ते माझ्याकडून राहिलं, आणि त्याबद्दल मी तेव्हाच्या इतिवृत्तात लेखी दिलं आहे. पण बघा, तुम्ही आज माझं नाव घेऊन विचारू शकता. यंत्राचं नाव घेऊन कुणाला विचारणार?

बी विंग:
बटण दाबणाऱ्याला. तो तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि वर त्याने स्वतःच सांगितलंय.

तिसरा मजला:
विचारा, हरकत नाही. पुढच्या खेपेला दीड पानाखाली माझं नाव आणि सदनिका क्रमांक टाकतो. शिवाय प्रत्येक मुद्द्यापुढे कलम आणि पान क्रमांक. पैसे, मुदत आणि करार मोडण्याच्या अटी या तीन गोष्टींचं मूळ वाक्य अख्खं, भाषांतरासह. त्यात यंत्राला हात लावू देणार नाही.

संगणक क्लासवाला:
मग यंत्राने केलं काय? ही अनुक्रमणिका झाली.

तिसरा मजला:
९२ पानांतून ती २० मिनिटांत निघाली, हे केलं. मी नोकरी करून कमिटीत आहे, पेन्शनवर नाही.

माजी सचिव, डोंबिवली:
पेन्शनचा टोमणा पोचला. अनुक्रमणिकेला माझा विरोध नाही. मात्र सभेत मतदान दीड पानावर होणार नाही, मसुद्यावर होईल. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या २०१९ च्या निर्देशांनुसार निम्म्याहून अधिक सभासदांची लेखी संमती लागते. ती संमती कशाला दिली, असं उद्या कुणी विचारलं तर 'ग्रुपवरच्या मेसेजला' असं सांगता येणार नाही. भाड्याचं कलम विकासकाकडे दुरुस्तीला पाठवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

तिसरा मजला:
काल रात्री आलं. चार पानी पत्र आहे. सारांश काढू का, की आधी तुम्ही वाचताय?

माजी सचिव, डोंबिवली:
वर ये. दोघं मिळून वाचू. चष्मा माझा, इंग्रजी तुझं.