'जाने भी दो यारो'तली द्रौपदी: आपण नक्की कुणावर हसतो?

रेवती_क
परवा इथे कुणीतरी लिहिलं की 'जाने भी दो यारो' या सिनेमात काना-मात्रासुद्धा बदलायला नको, आणि त्यात बायकांचा प्रश्न उकरणाऱ्यांना विनोदच कळत नाही. गप्प बसणार होते, पण राहवत नाही.

सिनेमा मलाही पाठ आहे. १९८३ साली एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाच्या तुटपुंज्या पैशांत कुंदन शाहने बिल्डर, पालिका आयुक्त, पोलीस, संपादक सगळे एका पंगतीला बसवले. तसं पुन्हा कुणाला जमलं नाही.

पण त्यातल्या बायका बघा. बिल्डर तरनेजाची सेक्रेटरी प्रिया, साहेब सांगेल ते करणारी. आणि 'खबरदार'ची संपादिका शोभा सेन, गोड बोलून गळा कापणारी. भाबडे, भरडले जाणारे फोटोग्राफर विनोद आणि सुधीर, दोघेही पुरुष. सिनेमात पूल पडतो, त्याखाली बायका येत नाहीत का?

आता शेवटचं महाभारताचं नाटक. द्रौपदी म्हणून स्टेजवर खून झालेल्या आयुक्त डिमेलोचं प्रेत साडीत उभं. दुसरा बिल्डर आहुजा घुसतो आणि ओरडतो की द्रौपदी तुझ्या एकट्याची नाही, आम्ही सगळे शेअरहोल्डर आहोत. लोक लोळून हसतात. महाभारतातली द्रौपदी भर सभेत विचारते, जो आधी स्वतःलाच हरला त्याला मला पणाला लावायचा हक्क कुठून आला? भीष्मालाही उत्तर सुचत नाही. इथल्या द्रौपदीला तोंडच नाही, कारण ती मेलेला पुरुष आहे. तो सवाल गेला आणि साडीची ओढाताण तेवढी उरली.

तिसरी_घंटा
रेवतीताई, तोंड नाही हाच तर मुद्दा! ते प्रेत म्हणजे खुनाचा पुरावा. प्रत्येकाला तो आपल्या ताब्यात हवाय. दुर्योधनच वस्त्रहरण नको म्हणतो. आंधळा धृतराष्ट्र 'काय चाललंय' एवढंच विचारत बसतो. हसू येतं ते ओढणाऱ्यांवर, साडीवर नाही.

आणि शोभा सज्जन असती तर तुम्हीच म्हणाला असतात की बाईला देव्हाऱ्यात बसवली. ती पुरुषांइतकीच लोभी आहे. ही बरोबरी नाही?

रेवती_क
नाही. तरनेजाला कुणाकडून काम काढून घ्यायला लाडात यावं लागत नाही. शोभा विनोदला गुंडाळते ती त्याच्या प्रेमात पडण्याचा फायदा घेऊन. म्हणून तिने बातमी विकली याचा राग आपल्याला कमी येतो आणि त्याचं मन मोडलं याचा जास्त. मी एका दैनिकात डेस्कवर होते. पानाची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा खालच्या टपरीवर काय बोललं गेलं ते माझ्या कानावर आलं होतं. माझ्या आधीच्या गृहस्थांबद्दल तसं कुणी बोललं नव्हतं.

गिरगाव_ते_गोरेगाव
सिनेमा बिल्डरांवर आहे हे विसरलात सगळे. आमची इमारत रिडेव्हलपमेंटसाठी पाडली, भाडं थकलंय, बिल्डर फोन उचलत नाही. सभेत आई बोलायला उठली तर सेक्रेटरी म्हणाला, शेअर सर्टिफिकेटवर काकांचं नाव आहे, त्यांना बोलू द्या. काका म्हणजे माझे वडील, अंथरुणाला खिळलेले. शेअरहोल्डर म्हटलं की मला आता तेच आठवतं.

नलूमावशी
सर्टिफिकेटवर आईचं नाव दुसरं आहे का? पहिल्या नावाचा सभासद हजर नसेल तर दुसऱ्याला मत देता येतं.

गिरगाव_ते_गोरेगाव
नाहीच आहे. हप्ते तिच्या पगारातूनही गेले. तेव्हा बायकोचं नाव कोण घालत होतं?

नलूमावशी
आम्ही घातलं होतं, भांडून. आणि समितीत दोन जागा बायकांसाठी असतात ना, त्यांचंही सांगते. आमच्याकडे त्या जागांवर दोघींची नावं लागली आणि मीटिंगला नवरे येऊन बसायचे. मी हरकत घेतली तर मला भांडकुदळ ठरवलं.

तिसरी_घंटा
धागा सिनेमाचा आहे की सोसायटीच्या मीटिंगचा? प्रत्येक चर्चेत आपापलं घर आणायलाच हवं का?

नलूमावशी
तुमचं घर कधी अडकलं नाही, म्हणून सिनेमा तुम्हाला नुसता सिनेमा वाटतो. आवाज चढवू नका.

कोकणकडा
तिसरी_घंटा बरोबर बोलतायत. चाळीस वर्षांपूर्वीच्या सिनेमाला आजची फूटपट्टी कशाला? उद्या तमाशातल्या गवळणीवरही खटला भराल.

रेवती_क
आजची नाही, त्याच काळातली फूटपट्टी आहे. मथुरा खटल्याचा निकाल १९७८चा. आपल्याच, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातली आदिवासी मुलगी, पोलीस ठाण्यात बलात्कार झालेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. १९८०मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर बायका मोर्चे काढत होत्या. बलात्काराचा कायदा बदलला तो १९८३मध्ये, हा सिनेमा आला त्याच वर्षी. ज्या शहरात हे चाललं होतं त्याच शहरावरचा सिनेमा आहे हा. पोलीस, पालिका, पेपर सगळं दिसलं, एवढंच कसं दिसलं नाही?

तिसरी_घंटा
मथुरा खटल्याचं मी नाकारत नाही. पण एका सिनेमाने सगळीच ओझी वाहायची का? द्रौपदीच्या प्रसंगाबद्दल माझं मत तेच आहे. शोभाबद्दल फार तर एवढं म्हणेन की 'ती फुलराणी'तली मंजुळा जिने उभी केली त्या भक्ती बर्वेंच्या वाट्याला शोभाच्या भूमिकेत आणखी काही यायला हवं होतं. यापुढे मी जाणार नाही.

रेवती_क
नका जाऊ. शोभाच्या लोभीपणाला माझी हरकत नाहीच. शेवटच्या सौद्यात तीही आहे, आणि तुरुंगात जातात ते दोघे, हे पटतं मला. त्या दोघांबरोबर फसणारी एक तरी बाई हवी होती. तिच्यासाठी जागा होती त्या गोष्टीत.

गिरगाव_ते_गोरेगाव
मावशी, पुढची सभा रविवारी आहे. वडिलांऐवजी आईला काही करता येईल का?

नलूमावशी
वडील सही करू शकतात ना? मग आईचं नाव जोडायचा अर्ज आजच सोसायटीला द्या. पोच घ्या, शिक्का मारून. आणि सभेला आईबरोबर तुम्ही स्वतः जा.